नोकरी सोडून पूर्णवेळ ऑनलाइन पोकर: सोलापुरात कुणी केलंय का?

घरकुल_२९

नमस्कार. वय २९, राहायला विडी घरकुलात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे, सहा वर्षं झाली. कापून हातात २४,५०० येतात.

लॉकडाउनमध्ये मित्रांनी पोकर शिकवलं. आधी फुकटच्या चिप्सवर खेळायचो, मग जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ पैशावर खेळलो. ५/१० ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, लहान ५ आणि मोठी १० रुपये), बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घ्यायचे पैसे १,००० रुपये, एका वेळी दोन टेबलं. रात्री जेवण झालं की दीड-दोन तास. सगळं वहीत लिहिलंय. साधारण ७०,००० हात (डाव) झाले आणि नफा ४२,००० रुपये. कुणाची उधारी नाही, घरातला पैसा घातलेला नाही. हात संपला की तो परत उघडून बघायचो, कुठं चुकलो ते लिहून ठेवायचो. नशिबावर सोडून खेळणाऱ्यातला मी नाही.

ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि साइटवरची पैशाची टेबलं बंद झाली. शिल्लक परत मिळाली. तेव्हापासून हात लावलेला नाही. आता पुण्यातला मित्र म्हणूलालाय की क्लबच्या ॲपवर खेळ चालू आहे. चिप्स एजंटकडून घ्यायच्या, जिंकलं की तो यूपीआयने पैसे टाकतो. व्हीपीएन लावून बाहेरच्या साइटवर क्रिप्टोनेही खेळता येतं म्हणे. शिवाय मी दहा-बारा जण आणले तर त्यांच्या रेकमधला (खेळ चालवणारा प्रत्येक डावातून कापून घेतो त्यातला) हिस्सा मला. खेळणाऱ्याला शिक्षाच नाही, मग घाबरतोस कशाला, असं त्याचं म्हणणं.

माझ्याकडे १ लाख ८० हजार साठलेत. दिवसाला सहा-सात तास, चार टेबलं आणि एक पायरी वर (मोठ्या ब्लाइंडवर) खेळलो तर महिन्याला ३५ हजार निघतील असं वाटतं. आई अजून विड्या वळते. सकाळी सातला मांडीवर सूप घेऊन बसते, पान कापायची कात्री शेजारी, दुपारपर्यंत मान वर करत नाही. तिचं ते काम मला बंद करायचंय. उन्हाळ्यात माझ्या लग्नाचं बघूलालेत, म्हणून घाई आहे.

जुगार वाईट, हे घरी ऐकून झालंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

शिलाई_अशोकचौक

भाऊ, मी स्वतः केलेलं नाही, तरी लिहिते. माझ्या मिस्टरांनी केलं. तुमचा खेळ वेगळा असेल, त्यांची रमी होती. मला पत्त्यातलं काही कळत नाही. पण घरात काय होतं ते कळतं.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात नगावर शिवते. किती पीस झाले त्यावर शनिवारी पैसे. त्या पैशातून मी भिशी लावली होती, मुलीच्या शाळेसाठी. ती उचलली त्यांनी, मला न सांगता. नंतर मंगळसूत्राच्या वाट्या गहाण गेल्या, त्या मीच काढून दिल्या, कारण तेव्हा ते म्हणाले होते की एवढी एकदाच. ते वाईट माणूस नाहीत. रात्री दोनला उठून बघितलं तर मोबाइलच्या उजेडात तोंड दिसायचं नुसतं. हाक मारली तरी ऐकू जायची नाही त्यांना.

तुम्ही वही ठेवता, उधारी नाही, हे चांगलं आहे. माझं एकच सांगणं. मुलगी बघायला जाल तेव्हा तिला हे आधी सांगा. नोकरी आहे म्हणून लग्न करायचं आणि मग सोडायची, असं करू नका. मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.

रिव्हरवाला

मी पुण्यातून. इथं सगळे घाबरवणार, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पोकरमध्ये कसब आहे यात वाद नाही. रमीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पोकरवर जगलेली माणसं मी जवळून बघितली आहेत, एकाने वाकडला फ्लॅट घेतला. तुझ्याकडे शिस्त आहे. वय २९ आहे. आता नाही तर कधी?

फक्त क्लब ॲपच्या वाटेला जाऊ नकोस. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत टेबलं चालू आहेत, कायदेशीर आहेत. महिन्यातले दहा दिवस तिकडे जा. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढ आणि ये.

मागावरचा

भावा, मी केलंय. एप्रिल २०२२ ते ऑगस्ट २०२५, तीन वर्षं चार महिने. इथं सोलापुरात, भवानी पेठेत बसून. म्हणून सविस्तर लिहितो, लांबेल.

त्याआधी मी सुताच्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघायचो. २२ हजार पगार. घराच्या वरच्या मजल्यावर माझी खोली, खाली आणि शेजारी यंत्रमाग. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली, नंतर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर टॉवेल विणले. नोकरी म्हणजे काय आणि ती जाणं म्हणजे काय हे आमच्या घराला माहीत होतं. तरी मी सोडली. तुझ्यासारखीच वही होती माझ्याकडे.

तुझ्याच आकड्यांपासून सुरू करतो, कारण तू ते ठेवलेत आणि फार थोडे लोक ठेवतात. ४२,००० रुपये म्हणजे तुझ्या टेबलावर ४,२०० बिग ब्लाइंड (दहा रुपयांची एक धरून). ७०,००० हातांत एवढे, म्हणजे दर १०० हातांना ६. हा चांगला आकडा आहे, तुझं कौतुक वाटलं. पण सहा खुर्च्यांच्या नो-लिमिट (समोरचे सगळे पैसे लावता येणाऱ्या) टेबलावर दर १०० हातांमागे चढउतार ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. वर्गमुळाचं गणित मांडून बघ: ७०,००० म्हणजे ७०० शंभर, त्याचं वर्गमूळ साधारण २६, ९० ला त्यानं भागलं की साडेतीनच्या आसपास, आणि त्याची दुप्पट इकडेतिकडे धरायची. ७०,००० हातांनंतरही तुझा ६ हा आकडा कच्चाच आहे. खरा आकडा उणे १ पासून १२-१३ पर्यंत कुठंही असू शकतो. चौदा महिने रात्री जागून तुला एवढंच कळलंय की तू बहुतेक हरणाऱ्यातला नाहीस. ही मोठी गोष्ट आहे, पण यावर नोकरी सोडता येत नाही.

आता पायरी वर चढायचं म्हणतोस ते बघू. मी १०/२० वर खेळायचो, बाय-इन २,०००. चार टेबलं लावली की तासाला ३०० हात होतात. महिन्याला १५० तास धरले तर ४५,००० हात. वरच्या पायरीवर समोरचे चांगले असतात, म्हणून ६ ऐवजी ४ धर. म्हणजे महिन्याचे १,८०० बिग ब्लाइंड, ३६,००० रुपये. तुझा ३५ हजारांचा अंदाज बरोबर आलाय बघ. कागदावर मीही हेच मांडलं होतं.

कागदावर मी जे मांडलं नव्हतं ते हे. त्याच ४५,००० हातांतला चढउतार ३८,००० रुपयांचा निघतो. कमाईपेक्षा हेलकावा मोठा. एखाद्या महिन्यात ७० हजार येतील, एखाद्या महिन्यात शून्य. तू एकही चूक न करता खेळलास तरी सहातला एक महिना तोट्याचा जाणार. आणि तो कुठला हे आधी कळत नाही. दोन लागोपाठही येतात. माझे २०२३ च्या पावसाळ्यात तीन आले.

पगारदार माणसाला याचं काय होतं ते समजत नाही, मला समजलं नव्हतं. तोट्याचा महिना आला तरी किराणा थांबत नाही. मी घरी १८,००० द्यायचो. महिन्यात २० हजार हरलो तर बँकरोलमधून (खेळासाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशातून) ३८ हजार गेले. बँकरोल कमी झाला की त्या पायरीवर खेळायची भीती वाटायला लागते, आणि भ्यालेल्या माणसाला पोकर येत नाही. मग खालच्या पायरीवर यायचं. तिथं कमाई निम्मी. घरखर्च तेवढाच. एकदा हे चाक उलटं फिरायला लागलं की चांगलं खेळून ते थांबत नाही, कारण ते खेळामुळे फिरतच नसतं, घरामुळे फिरत असतं. नोकरी असताना तू ४२ हजार जिंकलास यात तुझ्या पगाराचा मोठा हात आहे, हे लक्षात घे. हरलास तरी एक तारखेला पैसे येणार होते. म्हणून हात टाकायचा तिथं टाकता आला, धरायचा तिथं धरता आला.

माझा हिशोब उघडा करतो. सुरुवातीला १,६०,००० बँकरोल. पहिल्या वर्षी ३,९०,००० जिंकलो. घरी २,१६,००० दिले, कर भरला, वर्षाअखेर बँकरोल २ लाख १२ हजारच्या आसपास. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वर्षात शिल्लक पडली ५२ हजार. दुसऱ्या वर्षी १,४५,००० जिंकलो. बघ, जिंकलोच. तरी मार्च २०२४ ला बँकरोल ९६ हजारांवर आला. मग ५/१० वर उतरलो आणि घरी १८ ऐवजी १० हजार द्यायला लागलो. आई काही बोलली नाही, तिनं दुधाचं एक पाकीट कमी केलं. तिसऱ्या वर्षी १,१०,००० जिंकलो, शिल्लक ५२ हजार. शेवटच्या पाच महिन्यांत २१ हजार हरलो, घरी महिन्याला पाचच दिले. २२ ऑगस्ट २०२५ ला कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली त्या आठवड्यात साइटने पैसे परत केले, ते सहा हजार होते. कायद्यानं मला उठवलं असं मी सांगू शकत नाही. मी तोवर उठतच आलो होतो. तिन्ही पूर्ण वर्षं जिंकून.

एक हात सांगतो. २०२३ चा मार्च. चार टेबलं चालू. एका टेबलावर माझ्या हातात दोन एक्के, इस्पिक आणि बदाम. २२१ हातांत एकदा येतात. समोरच्यानं ६० केले, मी २००, तो आला. फ्लॉपला (टेबलावर उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांत) राजा, सत्ती, दुर्री, तीन वेगळे रंग. मी २५० टाकले, त्यानं ७०० केले. मी विचार करत होतो की याच्याकडे राजा आणि एक्का असेल की तीन सत्त्या, आणि तेवढ्यात खालचे माग थांबले. आमच्या पेठेत लाइट गेल्याचं दिसायच्या आधी ऐकू येतं. दिवसभर कानावर असलेला खडखडाट एकदम बंद होतो आणि कान मोकळे पडतात. राउटर गेला. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पडद्यावर माझ्या नावापुढं घड्याळाची पट्टी कमी कमी होतेय. मोबाइलचा हॉटस्पॉट लावेपर्यंत ती संपली. हात फोल्ड झाला, म्हणजे सोडल्यात जमा. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) १,३८० रुपये होते, त्यातले माझे ४५०.

४५० रुपये काहीच नाहीत. पण लाइट आल्यावर मी जे खेळलो ते आजही आठवतं. प्रत्येक हातात मला तो एक्का परत पाहिजे होता. दोन तासांत सहा बाय-इन गेले, १२ हजार. खाली माग परत चालू झाले होते, माणसं आपापल्या कामाला लागली होती, त्यांचं जेवढं थांबलं होतं तेवढंच थांबलं होतं. माझं मात्र एका हातानं आठवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर घेतला. लाइटचा इलाज झाला. डोक्याचा इलाज करायला मला वर्ष लागलं, आणि पूर्ण झाला असं म्हणणार नाही.

वडील रोज रात्री विचारायचे, आज किती? मागावरच्या माणसाची ती सवय असते. आज किती डझन निघाले, किती फॉल्ट गेले. ते माल हाताने चाचपून सांगायचे, पिळाची गडबड आहे की ताण्याची. माझ्या दिवसाचं त्यांना काहीच चाचपता यायचं नाही. मी चांगला खेळून हरलो, हे वाक्य त्यांना कसं सांगायचं? पोकरमध्ये ते खरं असतं. दोन एक्के विरुद्ध दोन राजे, सगळे पैसे आत गेले तरी शंभरातले अठरा वेळा राजे जिंकतात, त्यात तुझी चूक शून्य. पण घरात ते वाक्य रोज बोलता येत नाही.

रविवारी मोठ्या टुर्नामेंट असायच्या, संध्याकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते बऱ्याचदा नेमकं रात्री. मी खुर्चीवरून उठू शकायचो नाही, आणि आई-वडील दोघं पाइप ओढत पिंपं भरायचे. हे मी तीन वर्षं चालू दिलं. तुझी आई विड्या वळते त्याबद्दल तू लिहिलंस म्हणून हे लिहितो. ती कष्टातून सुटावी म्हणून तू हे करणार, आणि पहिल्या वाईट तीन महिन्यांत तीच तुझ्यासाठी जास्त वळायला बसेल. आया अशाच असतात, विचारत नाहीत.

आता क्लब ॲपचं. तू ६ च्या दरानं जिंकलास ते कुणाकडून जिंकलास? जाहिरात बघून आलेल्या, बोनस मिळाला म्हणून पाचशे रुपये घेऊन बसलेल्या माणसांकडून. ती माणसं ऑगस्टमध्ये घरी गेली. एजंट शोधून, लपून चिप्स घेऊन आज जो खेळतो तो बहुतेक तुझ्यासारखा किंवा तुझ्यापेक्षा सरस आहे. शिवाय एका टेबलावरचे तिघं फोनवर एकमेकांना पत्ते सांगत असतील तर तू तक्रार कुणाकडे करणार? पत्ते खरे पिसले जातात की नाही हे कुणी तपासलंय? एजंटनं फोन बंद केला तर कुठल्या चौकीत जाऊन सांगणार की माझ्या चिप्स राहिल्या?

माझ्या ओळखीच्या एकाला एजंटनं जिंकलेले ९ हजार यूपीआयने टाकले. ते पैसे कुणाला तरी फसवून घेतलेले निघाले. परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेनं खातं गोठवलं, पूर्ण खातं. त्याचा पगार त्याच खात्यात यायचा. दोन महिने तो उसने पैसे मागत फिरला. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं.

गोव्याचं वरच्यांनी सुचवलंय, त्यांनी मनापासूनच सुचवलंय. टेबलं तिथं कायदेशीर आहेत हे बरोबर. पण समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० हात होतात आणि एकाच टेबलावर बसता येतं. मी घरी एका महिन्यात जे ४५,००० हात खेळायचो ते तिथं रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसलं तर सहा महिन्यांत होतील. महिन्यातले दहा दिवस गेलास तर दीड वर्ष लागेल, तेव्हा कुठं तू जिंकतोयस की हरतोयस याचा अंदाज यायला लागेल. त्यात बाय-इन मोठे, राहणं, खाणं, येण्या-जाण्याच्या रात्री. १ लाख ८० हजारांत हे बसत नाही. पुण्यात फ्लॅट घेतलेला माणूस खरा असेल. मीही तशा एकाला ओळखतो. त्यानं सुरू केलं तेव्हा घराचं भाडं बायकोच्या पगारातून जात होतं.

आज मी काय करतो ते सांगतो, कारण तू विचारशील. ऑक्टोबरपासून परत सुताच्याच धंद्यात अकाउंट्स बघतो, दुसरीकडे. २० हजारांवर लागलो. सोडलं तेव्हा २२ होते. मुलाखतीत मधल्या साडेतीन वर्षांचं विचारलं तेव्हा खरं सांगितलं. शेठ गप्प बसले, मग म्हणाले की गल्ल्याजवळ बसवणार नाही, हिशोब बघ. मला वाईट वाटलं, पण त्यांचंही बरोबर होतं. मोटरसायकलच्या कर्जाला तर आधीच नाही आलं होतं. पगाराची स्लिप नव्हती, आणि रिटर्नमध्ये जिंकलेली रक्कम दिसते तिला तिथं कुणी उत्पन्न म्हणत नाही.

खेळ मला अजून आवडतो. लई आवडतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे चार पत्त्यांच्या चालीवरून ओळखायचं, यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. म्हणूनच सांगतो, त्याच्यावर घर टाकू नको.

हिशोबनीस

मी कर सल्लागार आहे, पार्क चौकात बसतो. वरच्यांनी खेळाचं चांगलं सांगितलंय, मी कागदाचं सांगतो.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५. यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच ठेवलेला नाही. दोन्ही बंद. त्यामुळे १९६८ च्या निकालाचा आधार इथं घेऊ नका. कायद्याला आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर आज नोकरी सोडता येणार नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे तुमचा मित्र खरं बोलतो. अर्धं बोलतो. असा खेळ पुरवणारा, पुरवायला मदत करणारा, लोकांना त्यात ओढणारा, यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. दहा-बारा जण आणले की त्यांच्या रेकमधला हिस्सा तुम्हाला, असं तुम्ही सहज लिहून गेलात. भाऊ, तिथं तुम्ही खेळाडू राहत नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

कराचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, उपकर धरून ३१.२. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी हे लागतं. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टर काही वजा होत नाही. यंदाचा तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. म्हणजे ३६,००० च्या महिन्यात ११,२३२ कराचे, हातात २४,७६८. तुमचा आजचा पगार २४,५०० आहे, त्यावर पीएफ वेगळा जमा होतोय. एजंटनं टीडीएस कापला नाही म्हणजे कर माफ झाला असं नव्हे, आणि क्रिप्टोवर नफा झाला तर त्याचे ३० टक्के वेगळे.

शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरणा केलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. हजार रुपये भरले की २१८ रुपये ७५ पैसे तिथंच जायचे. साइटवाले तेवढा बोनस देऊन ते भरून काढायचे, म्हणून तुम्हाला जाणवलं नसेल. तुमच्या ४२ हजारांत त्या बोनसचा वाटा किती, वहीत असेल तर बघा.

घरकुल_२९

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. मुलीकडच्यांना सांगेन, शब्द देतो.

मित्राला फोन करून सांगितलं की माणसं आणायचं काम करणार नाही. तो चिडला. म्हणाला, घरकुलातच राहशील. असूदे.

बोनसचं बघितलं काल रात्री. वहीत वेगळं लिहिलं नव्हतं, जुने मेसेज काढून जोडलं. ४२ मधले १३ हजार बोनसचे निघाले. हे मला माहीतच नव्हतं. चौदा महिने मी ते माझ्या खेळाचे समजत होतो. २९ हजार म्हणजे दर १०० हातांना ४ च्या जरा वर, आणि तेही कच्चेच.

नोकरी आत्ता सोडत नाही. आईचं काम बंद करायचं ते दुसऱ्या कशानं तरी बघावं लागेल. आमच्या कारखान्यात एक्सपोर्टची कागदपत्रं बघणारा माणूस सोडून चाललाय, त्याचं काम मला येतं निम्मं. विचारून बघतो.

मागावरचा दादा, एक विचारू का? हरलेल्या दिवशी घरी काय सांगायचास?

मागावरचा

पहिल्या वर्षी खरा आकडा सांगायचो. वडील मान हलवायचे, उद्या बघू म्हणायचे. दुसऱ्या वर्षी आकडा सांगायचा सोडला, "बरं झालं" म्हणायला लागलो. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारायचं बंद केलं. आता सुताच्या दुकानातून घरी गेलो की परत विचारतात, आज किती गाठी उतरल्या? मी मोजून सांगतो.

बोनस काढून बघितलास ते बरं केलंस. मला ते सुचलं नव्हतं.

एक्सपोर्टच्या कागदांचं उद्याच विचार, त्यांनी बाहेरचा माणूस घ्यायच्या आत. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, एलसी, यातलं काय अडतंय ते लिही, मला थोडं येतं. आणि वही घेऊन ये एकदा, हात बघू तुझे, पैसे न लावता. रविवारी आमच्याकडे पाणी आहे, दुपारी तीननंतर ये.